पंधरा दिवसांत भरपाई द्या, नाहीतर ग्राहक आयोगात उत्तर द्या

न उगवणारं सोयाबीन विकून हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना टोलवत बसलेल्या बियाणे कंपन्यांना आणि त्यांच्या विक्रेत्यांना हा शेवटचा इशारा. पंचनामा झालेल्या प्रत्येक शेतकऱ्याला आजपासून १५ दिवसांत बियाण्याचे पैसे आणि दुबार पेरणीचा खर्च द्या.

‘खोल पेरलं’, ‘पावसाआधी घाई केली’ ही तुमची उत्तरं आता आम्हाला पाठ आहेत. एकाच वावरात, एकाच दिवशी पेरलेलं दुसऱ्या पिशवीतलं बी तरारून वर आलं आणि तुमच्या लॉटच्या तासांत नुसती ढेकळं दिसतात; तिथं पाऊस काय तास बघून पडला? प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. २०२० च्या खरिपात मराठवाडाभर हाच प्रकार झाला, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तरी तुमची खोड जात नाही.

बियाण्याचा नमुना मागू नका. सगळी पिशवी पेरून बसलेला माणूस नमुना आणणार कुठून? नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच ही सबब फेटाळली आणि शेतकरी हा ग्राहकच, असंही बजावलं.

एकेकट्याला गाठून दोन पिशव्यांवर मिटवायचं, हे आता बंद. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार आयोगाच्या परवानगीने एकालाही सगळ्यांच्या वतीने तक्रार करता येते. तुमचे वकील ब्रिगेड एंटरप्रायझेसचा २०२१ चा निकाल पुढे करतील: सगळ्यांचं हित सारखं असल्याचं दाखवा. जरूर दाखवू. त्या १,१३४ सदनिकांच्या प्रकल्पात ९१ खरेदीदारांना सर्वांच्या वतीने लढता आलं नाही, पण आपापली संयुक्त तक्रार चालवायची मुभा त्याच निकालाने दिली. आमच्या तक्रारी तर लॉटनिहायच बांधल्या आहेत.

शेतकऱ्यांनो, पिशवी, टॅग, पक्कं बिल जपा. तडजोडीच्या कोऱ्या कागदावर सही करू नका. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

सोळाव्या दिवशी हिंगोलीच्या जिल्हा आयोगात तक्रार पडेल. आयोगाचा आदेश धाब्यावर बसवलात, तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड, प्रसंगी दोन्ही. आणि विक्रेत्यांनो, कंपनीकडे बोट दाखवून सुटाल असं समजू नका. बिलावर सही तुमची आहे, सामनेवाला क्रमांक १ तुम्हीच असाल.