सीडी काढूच, पण सोर्ससकट

सिनियर्सनी होस्टेलसाठी बनवलेल्या लिनक्स सीडीचा आयएसओ लॅनवर अजून पडून आहे. ती सीडी पुन्हा काढायची टूम निघालीय आणि माझा तिला फुल सपोर्ट. 'डॅम स्मॉल लिनक्स' नाही का इतक्या वर्षांनी, 2024 मध्ये परत आलं?

पण "फुकट आहे ना, मग वाटून टाकू" हे काही पटत नाही. जीपीएलवालं पॅकेज बायनरीत वाटलं, की त्याच व्हर्जनचा सोर्सही द्यावा लागतो; नाहीतर दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे, निदान 3 वर्षं मागेल त्याला देऊ, अशी लेखी हमी. "मूळ डिस्ट्रोच्या साइटवर आहे की!" हे उत्तर पुरत नाही. 2006 मध्ये मेपिस या डिस्ट्रोला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नेमकं हेच कळवलं होतं, आणि तेही न बदललेल्या पॅकेजेसबद्दल!

आणि त्या आयएसओत विंडोजचा 'मंगल' फॉन्ट कशाला? (कुणी टाकला, विचारू नका.) तो काढा, 'लोहित' टाका. त्याचं लायसन्स वाटायला परवानगी देतं.

या भानगडीत सीडी महिनाभर लांबेल, मान्य. सोर्सच्या डीव्हीडी बर्न करायचं काम माझ्याकडे. पॅकेजेसची यादी तपासायला मेसनंतर दोघं-तिघं तरी या, बाबांनो.