भोंग्यानंतरचे साडेबावीस तास

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. बहुतेक माणसं शेतीत नाहीतर साखर कारखान्यात राबणारी. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावाने सभेत ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. करोनात ऑनलाइन शाळेसाठी हाती दिलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, म्हणून हा ठराव. तो नुसता कागदावर राहू नये म्हणून लोक घरोघर समजावत फिरले.

या गावाचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. पण गावाने सांभाळला तो दीड तास. उरलेल्या साडेबावीस तासांत आपल्या पोरांच्या कानाशी कोण लागलेलं असतं? पाच रुपयांचं पाकीट आणि त्यातलं फुकटचं खेळणं. उंची वाढवून देतो म्हणणारी दुधात घालायची पावडर. मोबाइलवरच्या खेळात पुढची पायरी गाठायला मागितले जाणारे पैसे. नवी खेळणी उघडून दाखवणारा एखादा गोड मुलगा, ज्याचा तो व्हिडिओ म्हणजे जाहिरात आहे हे सात वर्षांच्या प्रेक्षकाला कळायची सोयच नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर सरसकट बंदी यायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे जाहिरातीच्या दुस्वासातून आलेलं मत नाही. आमच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना जाहिरातीने पुष्कळ दिलं आहे. किर्लोस्करवाडीत १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत न्यायला. त्याच पत्राचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असाच गावोगाव पोचला. रयत शिक्षण संस्था काढण्याआधी कर्मवीर भाऊराव पाटील ओगल्यांच्या आणि किर्लोस्करांच्या मालाची विक्री करत खेडोपाडी हिंडले होते. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते, असं तेव्हा शेतकरी मानत. त्यांना बांधावर उभं राहून पटवावं लागे. शेतकरी उलटे प्रश्न विचारी, शेजाऱ्याचा सल्ला घेई, पुढच्या सुगीवर ढकली, आणि नको असेल तर सरळ नाही म्हणे. विकणारा आणि घेणारा दोघेही जाणते असतात तेव्हाच हा व्यवहार सरळ असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला समोरच्याचा हेतू ओळखता येत नाही. त्याच्या खिशात पैसेही नसतात. म्हणजे त्याला जे शिकवलं जातं ते खरेदी करणं नव्हे, आईबापांपुढे हट्ट करणं.

पालकांनी लक्ष ठेवावं, असं यावर हमखास सांगितलं जातं. ठेवावंच. पण रात्रपाळी करून आलेला कारखान्यातला कामगार, भांगलणीवरून परतून चुलीपुढे बसलेली आई यांनी एकीकडे आणि शेकडो तज्ज्ञ पदरी बाळगणाऱ्या कंपन्यांनी दुसरीकडे उभं राहायचं, ही झुंज बरोबरीची नाही. ती घराघरात एकट्याने लढायला सांगणं हा अन्याय आहे.

कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये चिप्स, शीतपेयं अशा पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या वाहिन्यांवर आणि मुलांसाठीच्या कार्यक्रमांत दाखवायला मनाई केली. पण आमची मुलं क्रिकेटचे सामने बघतात, आजीच्या मांडीवर बसून मालिका बघतात, आणि सर्वांत जास्त मोबाइल बघतात. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांची विक्री आणि जाहिरात करू नये, हा नियम २०२० पासून आहे. तो पाळला जातो का, हे आपापल्या गावच्या शाळेसमोर उभं राहून कोणीही पाहावं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितलं. तोवर कित्येक पिढ्या ते शक्तीचं पेय समजून पिऊन मोठ्या झाल्या होत्या.

पूर्ण बंदी अव्यवहार्य आहे, हेही खरं नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या व्यापारी जाहिराती १९८० पासून बंद आहेत. एका खेळणी कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ च्या टाटा प्रेस खटल्यात जाहिरातीला अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं आहे, पण ते अमर्याद नाही. बंदीच्या उदाहरणासाठी कॅनडापर्यंत जायचीही गरज नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पावडर दुकानात मिळते, ज्याला गरज आहे तो घेतो. जाहिरात नाही म्हणून कोणाचं अडलेलं नाही.

दिवाळी अंक जाहिरातींवर उभे राहतात, हाही त्यातलाच. म्हणूनच मुलांना भुलवणारी एकही जाहिरात या अंकात घेतलेली नाही. त्यासाठी काही पानं कमी करावी लागली. वाचक ती उणीव समजून घेतील, असा विश्वास आहे.

येत्या २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा होतील. सातारा आणि सांगलीतल्या प्रत्येक गावाने त्या दिवशी दोन ओळींचा ठराव करून आपल्या खासदाराकडे पाठवावा : बारा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या जाहिराती टीव्ही, मोबाइल आणि शाळा या तिन्ही ठिकाणी बंद करणारा कायदा संसदेत मांडा. वडगावने आपल्या हातात होतं ते केलं. पुढचं काम संसदेचं आहे, आणि ते मागण्याचं काम आपलं. ठराव झाला की त्याची प्रत आम्हालाही पाठवा. ती आम्ही छापू.