पदवीधरांची नालायकी : दोष कोणाचा ?

पदवीधर तरुण कामाला नालायक असतात, अशी ओरड अलीकडे कारखानदारांच्या सभांतून आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांतून नित्य ऐकूं येते. महाविद्यालयें पुस्तकी पंडित निर्माण करतात, सबब अभ्यासक्रम उद्योगधंद्यांच्या गरजांप्रमाणें बेतून घ्यावेत, असा या ओरडीचा मथितार्थ आहे. रोगाचें अस्तित्व आम्हांस मान्य आहे; परंतु निदान चुकलेलें आहे आणि सुचविलेलें औषध रोग वाढविणारें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम इतिहास पाहूं. आपल्या उच्च शिक्षणानें नोकरीकडे दुर्लक्ष केलें, हा समज मुळांतच खोटा आहे. लॉर्ड हार्डिंज यांनीं १८४४ सालीं इंग्रजी शिकलेल्यांस सरकारी नोकरींत अग्रहक्क देण्याचा ठराव केला. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यांत सरकारास भरंवशाचे नोकर मिळावेत हा हेतु उघड नमूद आहे. आणि त्यास अनुसरून १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें, तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणारें. म्हणजे आमची पदवी जन्मतःच चाकरीशीं बांधलेली आहे. एका काळच्या एका धन्याच्या मापानें ती शिवली गेली. पुढें धनी बदलला, अंगरखा मात्र तोच राहिला. आतां तो दुसऱ्या धन्याच्या मापानें शिवावयाचा, तर हा नवा धनी तरी किती काळ टिकणार ? आज ज्या संगणकप्रणालीची तालीम वर्गांत द्यावी, ती विद्यार्थी बाहेर पडेपर्यंत अडगळींत गेलेली असावयाची !

मग दरी आहे कोठें ? रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत चला. विद्यार्थी ब्युरेटमधून थेंब थेंब द्रव सोडतो, रंग पालटतो, आणि आंकडा येतो १०.६. शेजाऱ्याचा आहे १०.२, आणि गेल्या वर्षींच्या कोणाच्या तरी वहींतहि १०.२ च आहे. हा मुकाट्यानें १०.२ लिहितो आणि त्याला पुरे गुण मिळतात. खरा आंकडा लिहून तो असा कां आला याचा शोध घेऊं पाहणारा मुलगा मात्र गुणांस मुकतो. तीन वर्षें हा संस्कार घेतलेला तरुण औषधांच्या कारखान्यांत जातो. तेथें त्याचें पहिलें काम हें कीं, डोळ्यांनीं जें पाहिलें तें, त्याच क्षणीं, जसेंच्या तसें लिहून ठेवावें. नेमकें तेंच त्याला कोणी शिकविलेलें नसतें. अशा संवयीचें मोल काय पडतें, हें २०१३ सालीं जगानें पाहिलें. रॅनबॅक्सी कंपनीच्या अमेरिकेंतील शाखेनें भारतांतील दोन कारखान्यांत बनलेल्या सदोष औषधांबद्दल आणि तेथील सरकारी खात्यास दिलेल्या खोट्या माहितीबद्दल गुन्हा कबूल केला, आणि एकंदर ५० कोटी डॉलर भरण्याचें मान्य केलें. असले कागद निरक्षर माणसें लिहीत नसतात.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानें प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास अभ्यासक्रमांत स्थान दिलें, ही इष्ट गोष्ट झाली. परंतु मामाच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेला अनुभवाचा दाखला हा त्या १०.२ चाच सख्खा भाऊ होय. परीक्षकाची नजर जोंवर कागदावर आहे, तोंवर प्रत्येक सुधारणेचा शेवटीं कागदच होणार.

आतां उद्योगपतींसहि दोन शब्द. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हां त्यांनीं तयार कारागिरांची वाट पाहिली नाहीं. आसपासच्या खेड्यांतील माणसांच्या हातीं हत्यार देऊन त्यांनीं कारागीर घडविले. डॉक्टर रुग्णालयांत उमेदवारी केल्यावांचून स्वतंत्र व्यवसाय करूं शकत नाहीं. सनदी लेखापाल अनुभवी माणसाच्या हाताखालीं वर्षें काढतो. या धंद्यांनीं शिकविण्याचा भार स्वतः उचलला आहे. इतरांसाठीं १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. तीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनांनीं उमेदवार घेतलेच पाहिजेत, असें २०१९ च्या सुधारणेनें ठरविलें. पण उमेदवार म्हणजे विद्यावेतनावर राबणारा स्वस्त मजूर, अशीच अनेकांची समजूत दिसते. ज्यांस चूल पेटवावयास नको, त्यांनीं भाकरी कच्ची म्हणून ओरडूं नये.

तेव्हां मागावयाचें काय ? प्रयोगाच्या परीक्षेंत उत्तर ठाऊक नसलेला पदार्थ द्यावा, आणि गुण आंकड्याला न देता नोंदीच्या खरेपणाला व कारणमीमांसेला द्यावेत. कोणत्याहि शाखेच्या विद्यार्थ्यानें पाहिलेल्या कामाचा एक पानाचा वृत्तांत शुद्ध मराठींत व इंग्रजींत स्वतः लिहून दाखवावा. कामाचे धडे कामाच्या जागीं, तेथील जाणत्या माणसानें द्यावेत. एवढें झालें तर यंत्रें खुशाल बदलोत. ज्याला पाहतां, लिहितां आणि चूक शोधतां येते, तो नवें यंत्र थोड्या महिन्यांत शिकतो.

हें घडण्याच्या आड एक तिसरा पक्ष उभा आहे, आणि तो आमच्या वाचकांच्याच घरांत आहे. मुलगा परीक्षेहून परतला म्हणजे त्याला किती गुण पडतील हेंच विचारलें जातें. १०.६ लिहून आलेल्या मुलास ज्या घरांत बोल लावला जातो, त्या घरानें महाविद्यालयास व कारखान्यास दोष देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.