वाक्याची जबाबदारी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ‘पुढे काय?’ असे विचारणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. शिक्षकाची नोकरी, बँक, स्पर्धा परीक्षा ही उत्तरे तर पाठच झालेली असतात. त्यांत आता जाहिरातसंस्थेची भर पडली आहे. मोठ्या, नामांकित संस्थांविषयी मला बोलायचे नाही. दुकानाच्या माडीवर दोन खोल्या घेऊन चार-पाच माणसांनी चालवलेल्या लहान संस्था आज तालुक्याच्या गावीही दिसतात. सकाळचे तास आटोपून अशाच एका संस्थेत मी वर्षभर लेखनाचे काम करीत आहे. त्यातून बनलेले मत विद्यार्थी-मित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवावेसे वाटते.

लहान संस्थेत ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणण्याची सोय नसते. मजकूर आपणच लिहायचा, मुद्रिते आपणच तपासायची, ग्राहकाची मंजुरी आणायची आणि बिल थकले तर फोनही आपणच करायचा! वर्तमानपत्रातील जागा चौरस सेंटिमीटरच्या दराने घ्यावी लागते. त्यामुळे एक फुकाचे विशेषण किती रुपयांना पडते, हे रोकडे व्याकरण येथे लवकर कळते. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे फुटतात, रफार नाहीसे होतात. ते डोळ्यांत तेल घालून शोधावे लागतात. भाषेच्या विद्यार्थ्याला याहून चांगली शाळा कोणती?

परंतु या शाळेची फी जबर आहे. वर्तमानपत्रे मान्यताप्राप्त जाहिरातसंस्थांना परंपरेने शेकडा १५ दलाली देत आली आहेत. लहान संस्थेला बहुधा ती मान्यता नसते. तिला दुसऱ्या संस्थेमार्फत जाहिरात द्यावी लागते आणि त्या पंधरातही वाटेकरी येतो. एक ग्राहक तुटला की महिन्याचे भाडे डळमळते. खरी कसोटी लागते ती येथे.

एका शिकवणीवर्गाच्या चालकांनी इंग्रजी मसुदा आणला होता. त्यात ‘ॲश्युअर्ड सक्सेस’ असे शब्द होते. ‘याचे फक्त मराठी करा,’ एवढीच त्यांची अपेक्षा. इंग्रजीत हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की कानावरून नुसते घरंगळतात. मराठीत ‘यशाची हमी’ असे लिहिले, की लगेच प्रश्न उभा राहतो : हमी कोण देणार? मुलगा नापास झाला तर फी परत मिळणार काय? आपल्या भाषेत लिहू लागताच खोटे उघडे पडते, ते असे. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणीवर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आमच्या चालकांनी हे सारे समजावून सांगितले. ‘अनुभवी शिक्षक, दर रविवारी चाचणी’ असा साधा, खरा मजकूर सुचवला. तो ग्राहकास पसंत पडला नाही. मूळ मसुदा पुढे दुसऱ्या एका संस्थेने छापून दिला, आणि आमच्याकडे त्या महिन्याचे पगार उशिरा झाले.

मोठ्या संस्थेत कायदेतज्ज्ञ असतात, वरिष्ठांच्या सह्या असतात. लहान संस्थेत मजकूर लिहिणारा हाच शेवटचा पहारेकरी. म्हणूनच तेथे भाषा शिकलेल्या माणसाची अधिक गरज आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्यापैकी पुष्कळांना जाहिरात हे हलके काम वाटते. कवितेचा विद्यार्थी साबणावर काय लिहिणार, असे म्हणून नाके मुरडली जातात. मात्र कवितेचे वाचक शेकड्यांनी मोजावेत आणि चौकातला फलक सारा गाव वाचतो. त्या फलकावरची मराठी जर दुसऱ्या भाषेतून शब्दाला शब्द ठेवून उतरवलेली असेल, तर मराठीच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवून काय उपयोग?

उपयोजित मराठीच्या तासाला प्रत्येकाने गावातली एक जाहिरात आणावी आणि दोनच प्रश्न विचारावेत, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. हे वाक्य मराठी माणूस बोलेल काय? आणि ते खरे आहे काय? एवढी सवय लागली, तर माडीवरच्या त्या दोन खोल्यांत जाताना आपला विद्यार्थी रिकाम्या हातांनी जाणार नाही.