वीस मीटरांचा न्याय

माणसाचे पांगळेपण मीटरांत मोजता येईल काय? ब्रिटिश सरकारने २०१३ साली जुन्या अपंग भत्त्याच्या जागी नवा ‘वैयक्तिक स्वावलंबन भत्ता’ आणला, तेव्हा या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. ज्याला २० मीटरांपलीकडे चालवत नाही, त्यास १२ गुण व प्रवासभत्त्याचा वरचा दर. काठी टेकीत ५० मीटरांपर्यंत जाणाऱ्यास १० गुण व खालचा दर.

हे माप अपुरे आहे, याची जाणीव नियमकर्त्यांना नव्हती असे नाही. ते अंतर सुरक्षितपणे, नीट, पुनःपुन्हा व वाजवी वेळात तोडता आले पाहिजे, असे तेच नियम सांगतात. निरोगी माणसाच्या कमाल वेळेच्या दुपटीहून अधिक वेळ लागला, तर ते चालणे हिशेबी धरू नये, असाही दंडक आहे. परंतु तासाभराच्या भेटीत तपासनीसास पाऊल दिसते; रात्रीची वेदना व दुसऱ्या दिवशीचे अंथरूण दिसत नाही.

आपल्याकडेही २०१६ च्या कायद्याने अनेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाची रेषा आखली आहे. तेव्हा हा प्रश्न परका नव्हे. सार्वजनिक पैशाला माप हवेच. मात्र ‘किती अंतर’ याआधी ‘पुन्हा चालवेल काय’, हे विचारले गेले पाहिजे.