भातावर निभतं, म्हणून दिसत नाही

भंडारा जिल्ह्यात म्हातारपणी दात गेले तरी घरात कुणाला पत्ता लागत नाही, कारण भातावर निभून जातं. ज्वारीच्या मुलखात भाकरी बोळक्या तोंडाला लगेच उघडं पाडते. इथे भात, वरण, कढी. मग ताटातून एकेक जिन्नस गुपचूप निघून जातो: आधी फुटाणे, मग काकडी-मुळा, मटण, तलावातला कच्चा शिंगाडा. आजी ‘भूक नाही’ म्हणते, आपण मान्य करतो. पुढे ती नावं विसरायला लागली की ‘साठी बुद्धी नाठी’ तयारच असते.

दात जाणं आणि विसरणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा, असं सांगणारे अभ्यास आता बरेच झालेत. २०२१ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बेई वू आणि सहकाऱ्यांनी असे १४ अभ्यास एकत्र तपासले; माणसं ३४ हजारांवर. जास्त दात गमावलेल्यांत आकलनशक्ती मंदावण्याची शक्यता १.४८ पट, तर डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, १.२८ पट निघाली. मला त्यातली तिसरी गोष्ट मोलाची वाटते. कवळी वापरणाऱ्यांत हा फरक ठळक उरला नाही.

पण म्हणून लगेच ‘दात घासा, स्मृतिभ्रंश टाळा’ असा निरोप कुणी व्हॉट्सॲपवर फिरवू नये. विसरणारा माणूस दात घासायलाही विसरतो. गरिबी, कमी शिक्षण आणि तंबाखू दातांनाही खातात, मेंदूलाही. हिरड्यांतला एक जंतू अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याची बातमी २०१९ साली गाजली. त्याच्यावर बेतलेलं औषध २०२१ साली चाचणीत नापास झालं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली, त्यांत बहिरेपणा आहे, दात नाहीत. एकटेपणा मात्र आहे. आणि बोळकं तोंड दिसू नये म्हणून पारावर बसायचं सोडलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत.

इथले दात का जातात, हे शोधायला संशोधक लागत नाहीत. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटला जातो, तो खर्रा. गुटखाबंदी २०१२ साली आली, खर्रा काही हटला नाही. आजोबांचे दात त्यात गेले, नातू त्याच ठेल्यावर उभा आहे. काही बायका दातांना तंबाखूचा गुडाखू लावतात, वर ‘दात दुखायचे थांबतात’ म्हणतात. दुखणं थांबतं, हिरडी मागे सरकतच राहते.

सरकारकडे माझी मागणी छोटी आहे: राज्याच्या यादीत कवळी लिहा. केंद्राच्या २०१७च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांच्या रांगेत कवळीही आहे. राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली: ६५ वर्षांवरच्या पात्र माणसाच्या खात्यात ३,००० रुपये. तिच्या जाहीर यादीत चष्मा आहे, कमोड खुर्ची आहे, कमरेचा पट्टा आहे, मानेची कॉलर आहे. कवळी नाही. शेवटी ‘इत्यादी’ आहे म्हणे. पण ‘इत्यादी’ दाखवून लाखांदूरच्या म्हाताऱ्याने कुणाकडे कवळी मागायची?

बरं, नुसत्या पैशानेही भागत नाही. पूर्ण कवळी एका फेरीत होत नाही. माप, चाव्याची नोंद, मेणावरची चाचणी, मग बसवणं, आणि टोचते म्हणून पुन्हा एक चक्कर. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय भंडारा शहरापासून साठेक किलोमीटर, पवनी-लाखांदूरच्या खेड्यांतून त्याहून कितीतरी आडवळणाचं. प्रत्येक फेरीला सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. मापं तालुक्याच्या रुग्णालयात घेतली आणि तयार कवळी तिथेच बसवली, तर हे गणित बदलेल.

जपानने १९८९ साली ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीम घेतली, ती डिमेन्शियाच्या भीतीने नव्हे, म्हाताऱ्यांना नीट चावता यावं म्हणून. २०१६च्या पाहणीत निम्म्याहून अधिक वृद्धांनी तो आकडा गाठला होता. आपल्यालाही मेंदूच्या संशोधनाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. फक्त कवळीच्या शिबिरांच्या तारखा मुंबईच्या सोयीने ठरवू नका. रोवणीत आणि धानकापणीत आजीला दवाखान्यात आणायला घरात माणूसच नसतो.