टाइट एंड आणि एक्सेल शीट

परवा शनिवारी रूममेटशी चांगलंच वाजलं. कारण भांडी नव्हती, वीजबिल नव्हतं. कारण होतं अमेरिकन फुटबॉल!

प्रोजेक्टच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात येऊन आता तीन वर्षं झाली, आणि या भागात राहून फोर्टी-नायनर्सची लागण झाली नाही तर नवल. तर आमच्या या पठ्ठ्याने एक एक्सेल शीट बनवली. कॉलेजातले सगळे टाइट एंड, कोणी किती पास झेलले त्याप्रमाणे सॉर्ट करून. "वरचे पाच घ्यायचे, खालचे सोडायचे. सिंपल!" माझं डोकंच सटकलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टाइट एंड लाइनच्या टोकाला उभा राहतो आणि त्याला दोन नोकऱ्या असतात. पास आला तर पळत जाऊन झेलायचा, आणि आपला माणूस बॉल घेऊन धावणार असेल तर समोरच्या, बहुतेकदा स्वतःहून वजनदार, गड्याला अडवून ठेवायचं. आपल्या विकेटकीपर-बॅट्समनसारखंच की! रन्स स्कोअरकार्डात दिसतात, वाचवलेले बाय कुठे दिसतात? ब्लॉकिंगचंही तसंच.

आता जॉर्ज किटल घ्या. आयोवाच्या कॉलेजात चार वर्षांत झेललेले पास फक्त ४८. आमच्या शीटमध्ये हा बिचारा पार तळाला गेला असता. पण आयोवा ही मुळात बॉल घेऊन धावणारी टीम. तिथल्या टाइट एंडचा बराचसा वेळ लोकांना अडवण्यातच जातो. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये ओ. जे. हॉवर्ड १९ वा, एव्हन एंग्राम २३ वा, डेव्हिड न्जोकू २९ वा गेला. किटल? पाचव्या फेरीत, १४६ वा. आणि दुसऱ्याच हंगामात, २०१८ साली, त्याने १,३७७ यार्ड काढले. तोपर्यंत कुठल्याही टाइट एंडने एका हंगामात एवढे काढले नव्हते. (२०२० मध्ये ट्रॅव्हिस केल्सीने १,४१६ करून तो विक्रम मोडला.) एंग्राम आणि न्जोकू पुढे प्रो बोलपर्यंत गेले, पण हॉवर्डला एकाही हंगामात ६०० यार्ड जमले नाहीत.

रूममेट म्हणाला, "मग काय, आकडे कचऱ्यात टाकायचे?" नाही रे बाबा! आकडे बघायचेच, पण आकडा कोणाचा आहे ते आधी बघायचं. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये किटल ४० यार्ड ४.५२ सेकंदांत धावला. तो आकडा शंभर टक्के त्याचा. पण कॅचेसच्या आकड्यात कोचची योजना येते, क्वार्टरबॅकची मर्जी येते, आणि शेवटी हा. एवढ्या डिपेंडन्सीज असलेला आकडा एकट्याच्या नावावर कसा टाकायचा? बरं, त्याच शीटमध्ये अजून एक कॉलम टाकला असता तर? कॉलेजात ४८ कॅचेसमध्ये ७३७ यार्ड, म्हणजे दर कॅचमागे १५ च्या वर. क्वचित मिळालं, पण मिळालं तेव्हा सोनं केलं.

उलट बाजूही आहेच. कॉलेजात भरपूर झेलणारा ब्रॉक बॉवर्स २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी ११२ पास झेलून गेला. आणि २०२१ मध्ये चौथ्या क्रमांकावर, म्हणजे कुठल्याही टाइट एंडपेक्षा वर, निवडलेल्या काइल पिट्सने पहिल्या वर्षी १,०२६ यार्ड काढले, पण २०२२ ते २०२४ या तीन हंगामांत एकदाही ७०० गाठले नाहीत. म्हणजे नुसत्या कॅचेसवरून इकडचाही अंदाज बांधता येत नाही, तिकडचाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी फिल्म लावा आणि बॉलकडे बघूच नका. बॉल दुसरीकडे असताना हा काय करतो? पाय चालतात का? समोरच्याला शिट्टी वाजेपर्यंत धरून ठेवतो का, की एक धक्का देऊन मोकळा होतो? मग त्याच्या टीमने त्याला नेमकं काय काम दिलं होतं ते बघा. कॅचेस मोजायचे ते सगळ्यात शेवटी.

एवढं मनाला का लावून घेतो, असं विचाराल. एक तर पहिल्या फेरीतला आणि पाचव्या फेरीतला यांच्या पहिल्या चार वर्षांच्या पैशात प्रचंड फरक असतो. आणि दुसरं म्हणजे, पहिल्या नोकरीत मी दीड वर्ष टेस्टिंग आणि रात्रीचा सपोर्ट केला. अप्रेझलला मॅनेजरने विचारलं, "यात तू बनवलंस काय?" रात्री दोन वाजता सर्व्हर पडला नाही, याची नोंद कुठल्या कॉलममध्ये करणार? मी गप्प बसलो. रेटिंग व्हायचं तेच झालं.

असो. रविवारी सकाळी रूममेटने शीटमध्ये एक नवीन कॉलम टाकला : ब्लॉकिंग. अजून सगळा रिकामाच आहे. "हा भरायला प्रत्येकाची फिल्म बघावी लागेल रे," म्हणाला.

तेच तर म्हणतोय मी! चहा टाकला आणि बसलो दोघं बघत.